कराचीला विमान बदलताना

त्या दिवसांत माझ्या तोंडून देवाचं नाव येईनासं झालं होतं. ठरवून सोडलं असं नाही. सकाळी उठल्यावर ओठांवर आपसूक यायचं ते थांबलं, आणि ते थांबल्याचं मलाच कितीतरी वेळाने कळलं. लग्न होऊन मी निर्मळला आले तेव्हापासून टेकडीवरच्या महादेवाच्या घंटेने माझी सकाळ उजाडत असे. वाडीतल्या मोगऱ्याची पहिली ओंजळ त्याला, मग बाकीची फुलं बाजाराला, असा आमच्या घरचा शिरस्ता. परदेशी गेले तरी मी उशाशी त्याचा अंगारा ठेवला होता. तोच अंगारा यांच्या कपाळाला लावून मी दिवसरात्र बसून राहिले, आणि तरीही जे व्हायचं ते झालं. त्यानंतर माझं आणि देवाचं बोलणं तुटलं.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझे यजमान बहारीनला एका तेल कंपनीत फिटर होते. आमच्याकडची काही मुलं तेव्हा तिकडे जात. घरच्या केळीत आणि पानवेलीत दोन भावांचे संसार भागणार नव्हते, म्हणून हे गेले आणि पुढे मलाही घेऊन गेले. मूलबाळ नव्हतं. वाळू, ऊन आणि मचूळ पाण्याच्या त्या मुलुखात दुपारी डोळे मिटून पडले की मला रहाटाचा आवाज ऐकू येई. यांना सांगितलं की हसत. म्हणत, "मलापण येतो. कोणाला सांगू नकोस, वेडे म्हणतील."

एक दिवस गावाहून धाकट्या दिरांची, मधुभाऊजींची तार आली. मामंजींनी अंथरूण धरलं होतं, वसंताला, म्हणजे यांना, पाठवा. मामंजी म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे दोन्ही मुलांना त्यांनीच वाढवलं होतं, आणि थोरल्यावर त्यांचा जीव जरा जास्तच होता. कंपनीने रजा दिली. आगबोटीने आठवडा गेला असता, म्हणून साहेबाने कराचीपर्यंत आणि कराचीहून मुंबईपर्यंत विमानाचं तिकीट काढून दिलं. यांनी वडिलांसाठी एक लोकरी शाल घेतली, ट्रंकेत तळाशी नीट घडी करून ठेवली. आणि निघायच्या आधी यांनाच ताप भरला. छातीत कफ दाटला, इस्पितळात नेलं, आणि ज्या विमानाने जायचं ते सुटायच्या आतच हे गेले.

तिथे सिंधी व्यापाऱ्यांची जुनी वस्ती होती. त्यांनी सगळं केलं. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईने, सगळे त्यांना अम्मा म्हणत, माझ्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. अस्थी तांब्याच्या कलशात घालून, वर पांढरं कापड शिवून, लाखेने बंद करून माझ्या मांडीवर ठेवल्या. दिरांना तार गेली होती. त्यांची उलट तार आली की बाबांना काही सांगितलेलं नाही, ते वसंताचीच वाट बघत आहेत, वहिनी, लवकर या. कंपनीच्या माणसांनी यांचंच तिकीट माझ्या नावावर करून पुढच्या विमानात जागा मिळवली. मी यांच्या जागेवर बसून यांना घरी घेऊन जाणार होते.

ज्या संध्याकाळी निघायचं त्या संध्याकाळी धुळीचं वादळ उठलं. सगळं आभाळ गेरूसारखं झालं आणि विमान उडेना. बाकावर कलश मांडीत घेऊन मी बसले होते. कोणी म्हणालं, बाई, खाली ठेवा, हात भरून येतील. मी ठेवला नाही. कलशाला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही, असं एक खूळ माझ्या डोक्यात बसलं होतं. त्या बाकावर मनात एकच विचार फिरत होता. ज्याने यांना नेलं, तो आता मामंजींनाही माझी वाट बघायला लावून नेणार. त्याचं समाधान एवढ्याने व्हायचं नाही.

पहाटे वादळ निवळलं आणि विमान निघालं. पण कराचीला उतरलो तेव्हा मधला सगळा अवकाश संपला होता. मुंबईचं विमान दुसऱ्या कंपनीचं, आणि ते सुटायच्या बेतात होतं. ते चुकलं तर पुढचं परवा. आमच्या विमानातल्या बाईने मला शिडीवरच बजावलं, "घाई करा, रांगेत पुढे जा." मी पुढे गेले. हिंदुस्थानचा पासपोर्ट, आखातातून आलेली एकटी बाई, आणि हातात लाखेने बंद केलेलं तांब्याचं भांडं. जकातीच्या टेबलामागे एक तरुण अधिकारी होता. डोळे जागरणाने लाल झालेले. त्याने कलशाकडे बोट केलं.

"इसमें क्या है?"

मला हिंदी मोडकंतोडकं येत होतं. अस्थींना काय म्हणतात ते आठवेना. जे तोंडाला आलं ते बोलले, "इसमें मेरे आदमी हैं."

"आदमी?" तो चमकला. मग माझ्या कपाळाकडे त्याची नजर गेली, हातांकडे गेली, आणि तो खाली बघू लागला. आवाज उतरवून म्हणाला, "बहनजी, खोलना पड़ेगा." आखातातून सोनं चोरून आणतात, ते असल्याच बंद भांड्यांतून येतं, कायदा सगळ्यांना सारखा, असं काहीसं तो सांगत होता. मी कलश पोटाशी धरला आणि मान हलवत राहिले. बाहेर मुंबईच्या विमानासाठी हाक दिलेली ऐकू येत होती. मागच्या रांगेत लोक चुळबुळत होते. त्याने दरडावलं असतं तर कदाचित मीही भांडले असते. पण तो दरडावत नव्हता, आणि सोडतही नव्हता. शेवटी त्याने आतल्या बाजूला हाक मारली, बायकांची झडती घेणारीला बोलावलं.

पन्नाशीची, अंगाने किरकोळ, पांढरा कुडता आणि हिरवी ओढणी घेतलेली एक बाई आली. तिने माझा दंड धरून पडद्याआडच्या खोलीत नेलं. टेबलावर माझा पासपोर्ट उघडा ठेवून ती जन्मगाव, राहण्याचं गाव बघू लागली. इंग्रजी अक्षरं एकेक लावत तिने वाचलं, "निर्... मल." आणि मान वर केली. मग माझ्याच मुलखातल्या बोलीत म्हणाली, "निर्मळची तू? अगो बाय, मी सोपाऱ्याची."

सोपारा म्हणजे आमच्या निर्मळच्या शेजारचंच गाव. ते ऐकून मला रडू फुटलं. यांच्या जाण्यानंतर मी तोवर रडले नव्हते. अम्मांच्या घरच्या बायका म्हणायच्या, हिला रडवा, नाहीतर छातीत धरेल. त्यांना जमलं नाही ते त्या बाईच्या दोन शब्दांनी झालं. तिने मला रडू दिलं, फक्त पाठीवरून हात फिरवत भराभर बोलत राहिली. तिचं नाव हलीमा. मालक रेल्वेत होते, फाळणीच्या वेळी त्यांनी नोकरी इकडे मागून घेतली. "आलो आनि वर्साच्या आत ते गेले. परत जायला दार नाय. म्हनून ही चाकरी." मग एकदम विचारलं, "निर्मळच्या तलावात पानी हाय ना गो अजून? कार्तिकाच्या जत्रेला आमी सगळ्या पोरी चालत यायचो."

मी म्हटलं, "आहे. भरलेला आहे." खरं तर दोन वर्षांत मी तो बघितला नव्हता.

"मंग आइक," ती म्हणाली. "हे खोलाय लागंल. साहेब वाईट नाय, पन त्याच्याबी वर साहेब हाय. त्या पुरुषांच्या टेबलावर नको. हितं खोलू. तूच खोल. मी हात लावायची नाय."

कोपऱ्यात माठ होता. तिने माझ्या हातांवर पाणी घातलं, स्वतःचे हात धुतले, डोक्यावरून ओढणी नीट ओढून घेतली आणि कात्री माझ्या हातात दिली. मी टाके उसवले. लाख तडकली. झाकण निघालं. ती वाकली, आत बघितलं आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. तिच्या धर्माचं जे काही मयतासाठी म्हणतात ते ती म्हणत असावी. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पण बहारीनला भटजी मिळाला नव्हता, आणि अस्थींवर कोणी मनापासून काही म्हटलं असेल तर ते तिथे, त्या खोलीत, पहिल्यांदा म्हटलं गेलं. पांढरं कापड कामातून गेलं होतं. तिने आपल्या ओढणीचा पदर टर्रकन फाडला, माझ्या हातात दिला. मी त्याने झाकण घट्ट बांधलं.

पडद्याबाहेर येऊन ती त्या अधिकाऱ्याला एवढंच म्हणाली, "मैंने देख लिया, साब. मिट्टी है." त्याने मान खाली घालून पासपोर्टवर शिक्का मारला. पण अजून माझ्या ट्रंकेची तपासणी व्हायची होती, आणि काचेतून दिसत होतं की मुंबईच्या विमानाला लावलेली शिडी माणसं ढकलत बाजूला नेत होती. अधिकारी उठला, टेलिफोन उचलला आणि कोणाशी तरी शिडीबद्दल मोठ्याने बोलू लागला. हलीमाबीने माझ्याकडे बघितलं. "टरंक पायजे का जायाला पायजे?"

"जायचंय."

"मंग पळ."

आम्ही पळालो. मोकळ्या मैदानावर ऊन आणि वारा. माझं लुगडं पायांत अडकत होतं, कलश दोन्ही हातांत, तोल सावरेना. मधेच मी गुडघ्यावर पडले. कलश सुटला नाही, पण मला उठताही येईना, कारण उठायला हात लागतो आणि माझे दोन्ही हात त्याच्याभोवती होते. ती माझ्यासमोर वाकली, दोन्ही हात पुढे केले. "दे माज्याकडं."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तो क्षण केवढा होता मला सांगता येत नाही. दिला नाही तर मी तिथेच बसून राहणार होते. दिला, तर यांचं जे काही माझ्यापाशी उरलं होतं ते एका अनोळखी बाईच्या हातात. मी दिला. तिने तो लेकराला घेतात तसा काखेशी घेतला आणि म्हातारपणाकडे झुकलेली ती बाई माझ्यापुढे धावत सुटली. मी लुगडं आवरून तिच्या मागे.

विमान तिथेच उभं होतं. एका बाजूचा पंखा फिरत होता, दुसऱ्या बाजूचा थोडा फिरून थांबे, पुन्हा फिरे, पुन्हा थांबे. शिडी परत आणली गेली. पायरीवर चढल्यावर तिने कलश माझ्या हातात ठेवला. तिला बोलता येत नव्हतं इतकी धाप लागली होती. मी विचारलं, "सोपाऱ्याला कोणाला काही सांगायचं का?" तिने नकारार्थी मान हलवली. "कोन नाय ऱ्हायलं तिकडं." मग मी आत वळताना मागून ओरडली, "तलावाला सलाम सांग माजा!" तो सलाम मी पोहोचवला. पुढे महिनाभरातच, घाटाच्या खालच्या पायरीवर बसून, पाण्याला हात लावून.

मी आत बसले, पट्टा बांधला, आणि तो अडलेला पंखा फिरू लागला. शेजारचे गृहस्थ घड्याळ बघत कुरकुरत होते की कधीपासून हे यंत्र रुसून बसलं होतं, नाहीतर आपण कधीच उडालो असतो. यंत्र आहे, बिघडतं, सुरू होतं. मी फक्त जसं घडलं तसं लिहिते आहे.

सांताक्रूझला मधुभाऊजी आले होते. मला बघून ते पुढे आले आणि माझ्या हातातल्या कलशाकडे बघून तिथेच थांबले. ट्रंक कराचीला राहिली, हे मी सांगितलं. ती पुढे कधीच मिळाली नाही. यांचे कपडे, घड्याळ आणि ती शाल त्यात गेली. वाटेत भाऊजी सांगत होते, "बाबांनी अन्न सोडलंय. पाण्याचे घोट घेतात. अंगणात पाऊल वाजलं की विचारतात, वसंता आला का? वहिनी, आम्ही रोज म्हणतो, निघालाय. काय बोलायचं दुसरं?"

सोपाऱ्याला उतरून टांग्याने निर्मळला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओटीवर बायका बसल्या होत्या, त्या नुसत्या उठून उभ्या राहिल्या. अस्थी घरात आणत नाहीत. भाऊजींनी कलश अंगणातल्या आंब्याच्या फांदीला टांगला. मी पाय धुतले. शेजारची काकी करंडा घेऊन पुढे आली, कुंकवात बुडवलेलं बोट माझ्या कपाळाजवळ आणत हलक्या आवाजात म्हणाली, "एवढ्यापुरतं गो. म्हाताऱ्याचा जीव सुखानं जाऊ दे." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी तिचा हात धरला आणि खाली केला. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मामंजी माजघरात बाजेवर होते. पार सुकलेले. माझ्या पावलांनी डोळे उघडले. "कोन?"

"मी, मामंजी."

त्यांनी हात पुढे केला. मी माझा हात त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं माझ्या मनगटावर आली, वर सरकली, परत खाली आली, आणि तिथेच थांबली. बांगड्या नव्हत्या. दारात भाऊजी उभे होते, त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"कुटं हाय तो?" मामंजींनी विचारलं.

"बाहेर. आंब्याला."

"भायेर कशाला? लांबून आलाय. आत घ्या त्याला."

भाऊजी कसेबसे म्हणाले, "बाबा, घरात आणत नाहीत."

"घर माजं हाय," मामंजी म्हणाले. तो त्यांचा जुना आवाज होता, वाडीत गड्यांना हाक मारायचा.

भाऊजींनी कलश आणून त्यांच्या कुशीशी ठेवला. त्यांनी त्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "पानी दे गो बाय." मी फुलपात्र त्यांच्या ओठांशी नेलं. त्यांनी ते थांबवलं, पाण्यात बोटं बुडवली आणि आधी कलशावर थोडं पाणी शिंपडलं. मग स्वतः घोटभर घेतलं. त्या आजारात पहिल्यांदाच त्यांना शांत झोप लागली, असं भाऊजी नंतर सांगत. सकाळी शेजारच्या वाडीत रहाट सुरू झाला तेव्हा मी त्यांच्या पायांशी बसले होते. श्वास कधी थांबला ते मला कळलं नाही. हात कलशावरच होता. बापलेकांच्या अस्थी आम्ही एकाच दिवशी कळंबच्या समुद्रात सोडल्या.

त्यानंतर मी निर्मळलाच राहिले. भाऊजींचा संसार वाढला, त्यात माझा दिवस जात गेला. लोक म्हणत, देवाने तुला म्हाताऱ्याच्या शेवटच्या रात्रीला पोहोचवलं, केवढी कृपा. मी ऐकून घेत असे. मनात मात्र येई, ज्याच्यापाशी एवढं सामर्थ्य होतं त्याने यांनाच का नाही पोहोचवलं? हा प्रश्न मी महादेवाला कितीदा विचारला असेन. कधी रागाने, कधी नुसताच. उत्तर आलेलं नाही. आता मी विचारत नाही, ते उत्तर मिळालं म्हणून नव्हे. वय झाल्यावर एवढंच उमगलं की मी जे मागितलं ते माझं मागणं होतं, आणि जे मिळालं ते मला मागायला सुचलंही नसतं. सोपाऱ्याची एक बाई कराचीत माझी वाट बघत उभी असेल, हे कोणाला सुचलं असतं? तिला तरी कुठे ठाऊक होतं?

मी फार शिकलेली नाही, पोथ्यांतलं शरणागतीचं निरूपण मला पुरतं समजत नाही. त्या मैदानावर माझे हात मोकळे झाले तेव्हा मी उठू शकले, एवढंच मला माहीत आहे. त्याआधी मी देवालाही काही द्यायला तयार नव्हते, माझं दुःखसुद्धा. ते मी पहिल्यांदा एका माणसाच्या हातात दिलं, आणि ते सांभाळलं गेलं. पुढे हळूहळू नामही ओठांवर परतलं, कोणत्या सकाळी ते लक्षात नाही.

हलीमाबी आता असेल की नसेल, कोण जाणे. संध्याकाळी मी देवळात जाते तेव्हा यांच्यासाठी, मामंजींसाठी आणि तिच्यासाठी मिळून एकच नमस्कार घालते. मागत काही नाही. दुःख गेलेलं नाही, ते आहे तिथेच आहे. पण त्याच्यापाशी बसते तेव्हा मी एकटी नसते.